हात दाखवण्याची नोकरी

ता. ७ फेब्रुवारी

चि. उंटास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या आईने वाचून दाखवलं. म्हणाली, डाव्या हाताचं अक्षर म्हणजे शाईत बुडवून सोडलेल्या मुंग्या. मी म्हटलं, मला काय, मला दोन्ही हातांची अक्षरं सारखीच. उजव्या हाताचा तुझा अंगठा तेवढा उरला. घरात आजवर मी एकटीच अंगठेबहाद्दर होते, आता जोडीदार मिळाला. हे सांगितलं तर तुझ्या आईने लेखणी खाली ठेवली. असलं लिहायचं नाही म्हणाली. मी म्हटलं लिही, तो हसेल. हसलास की नाही ते कळव.

फोन करतो म्हणालास, तो करू नकोस. फोनवर तू सगळं बरं आहे म्हणून मोकळा होतोस. कागदावर खोटं लिहायला वेळ लागतो, डाव्या हाताने तर फारच.

औषधांच्या दुकानदाराने गिऱ्हाइकांना कसंतरी होईल म्हणून परत पाठवलं, हे ऐकलं. लोकांचे फोन घ्यायचं काम असतं त्या कचेरीत चहा पाजून तुझ्या हिमतीचं कौतुक केलं, हेही ऐकलं. अरे, हिमतीचं कौतुक करून चहा पाजणारा नोकरी देत नाही, एवढं मला न वाचता कळतं. आणि तो तिसरा, बसून करायच्या कामासाठी गोणी उचलून दाखव म्हणणारा, त्याच्या खुर्चीखाली काय गोण्या भरल्या आहेत का?

गोदामात बसून माल मोजून घेणं, नोंद करणं, एवढंच तू मागतोस. पुठ्ठ्याच्या खोक्यांत इतकी वर्षं घालवलीस, माल नुसता बघून ओळखतोस. यात जास्तीचं काही मागत नाहीस. फिरत राहा. फक्त ज्या कारखान्याने बोटं घेतली त्याची पायरी चढू नकोस.

तुझी आई जेवतोस का विचारते. मी विचारत नाही, तू उंट आहेस, पोटात साठवून ठेवत असशील. लोभ आहे तसा राहू दे.

बोलणारी, तुझी आजी.
लिहिणारी तुला ठाऊक आहे.

ता. २ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

हसलो. आईला मुद्दाम सांग.

तू पायरी चढू नकोस म्हणालीस, मी आपणहून चढलो नाही. बोलावणं आलं. साहेबांनी स्वतः खुर्ची पुढे केली. आता मला नोकरी आहे आणि तिला नाव आहे : सुरक्षा मार्गदर्शक. नवीन कामगार आले की त्यांना पंचिंगच्या यंत्रापुढे उभं करायचं, यंत्राचा जबडा कसा मिटतो, हात कुठे ठेवायचा, कुठे नाही, ते सांगायचं. गोदामाचे कारकून लवकरच निवृत्त होणार आहेत. साहेब म्हणाले, त्यांची जागा तुझीच, तोवर हे काम कर.

पहिल्या दिवशी तू विणलेली टोपी हातावर चढवून गेलो होतो. साहेबांनी ती काढायला लावली. म्हणाले, नुसतं सांगून भागत नाही, दिसलं पाहिजे. पुढच्या खेपेला म्हणाले, जरा सावकाश सांग, ऐकणाऱ्याला घाम फुटला पाहिजे. त्या दिवशी एकजण ऐकता ऐकता मटकन खाली बसला. साहेब खूश झाले.

पगार वेळेवर होतो. गोदामात रोज डोकावून येतो. आईला नमस्कार. तुमची माया अशीच असू द्यावी.

तुझा,
उंट

ता. २० मार्च

चि. उंटास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मुलगा मार्गदर्शक झाला म्हणून तुझी आई गल्लीभर सांगून आली. शेजारणीने विचारलं, म्हणजे पाहुण्यांना गाव दाखवत फिरतो का? मी म्हटलं, हो, फार जुनं काही नाही दाखवत, गेल्या वर्षीचंच आहे.

हे लिहिताना ती पुन्हा थांबली होती. थांबू दे. मला दुसरंच विचारायचं आहे.

दवाखान्यात पडल्या पडल्या तूच मला समजावलं होतंस. त्या यंत्राला पुढून लोखंडी जाळी असते, ती लावलेली असली की हात आत जाऊच शकत नाही, आणि ती काढून ठेवली होती म्हणून तुझा गेला. ती आता बसवली का? तू खुर्चीचं लिहिलंस, साहेबांचं लिहिलंस, घाम फुटल्याचं लिहिलंस. जाळीबद्दल अक्षर नाही. का तुझी आई वाचताना गाळते?

लवकर कळव. लोभात खंड नको.

तुझी आजी

ता. ११ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

आई काही गाळत नाही. मीच लिहिलं नव्हतं. जाळी बसवलेली नाही. ती लावली की पुठ्ठा सरकवायला वेळ लागतो, खोकी कमी निघतात. मी मुकादमाला एकदा म्हटलं. त्याने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, जाळी कशाला, तू आहेस ना. सगळे हसले. मीही हसलो, आजी.

गेल्या आठवड्यात एकाचा हात गेला. डावा. मीच शिकवलेल्यांतला, लग्न होऊन वर्ष झालं नाही. शिकवलं त्या दिवशी तो पुढेच उभा होता. माझा हात त्याने हातात घेऊन नीट बघितला होता, बाकीचे नजर चुकवत होते तेव्हा.

आता कचेरीने एक कागद केला आहे. त्यात लिहिलंय : मी त्याला सगळं सांगितलं, हात दाखवला, त्याला समजलं, चूक त्याची. मी सांगितलं हे खरं आहे, दाखवला हेही खरं. जाळीचा त्यात उल्लेख नाही. साहेब म्हणाले, सही कर आणि एक तारखेपासून गोदामात बस. मला नेऊन टेबलही दाखवलं. खिडकीजवळ आहे. माल येणार, मी मोजणार, डाव्या हाताने सावकाश लिहिलं तरी चालणार. हात बघायला कुणी येणार नाही.

मी चार दिवस मागून घेतले होते, ते वाढवून घेतो. काय करू?

तुझा,
उंट

ता. १८ एप्रिल

चि. उंटास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सल्ला मागायला तुला सहीसुद्धा न येणारी म्हातारी सापडली.

खरं सांगते, ती खिडकीजवळची खुर्ची मलाही हवी आहे. मी हावरट आहे. तू तिथे बसलास असं ऐकलं तर रात्री दोन घास जास्त खाईन, आणि त्या माणसाचं नाव जन्मात काढणार नाही. तेव्हा माझ्याकडून भलेपणाची अपेक्षा ठेवू नकोस. आपल्या पोरापुढे दुसऱ्याचं पोर कुणाला दिसतं?

फक्त काल पडल्या पडल्या एक मनात आलं. त्यालाही कुणी आजी असेल. कचेरीतला कुणीतरी तिला तो कागद वाचून दाखवील, खाली तुझं नाव वाचील. माझ्यासारखीच असली तर जे वाचून दाखवतील तेच ती खरं मानील. नातवाने ऐकलं नाही, त्याचीच चूक, असं म्हणत बसेल. मला तसं कुणी वाचून दाखवलं असतं तर मीही तुला तसंच म्हटलं असतं.

एवढंच. हे तराजूत घालू नकोस म्हटलं तरी तू घालशील, म्हणून सांगत नाही तसं. जे करशील त्याला माझे आशीर्वाद आहेत, आणि ते परत घ्यायची माझी रीत नाही.

तुझी आजी

ता. क. हे मी माझ्या मनाने लिहिते आहे, त्यांना ठाऊक नाही. बाळा, सही कर. — आई

ता. ६ मे

ती. आजीस सा. न. वि. वि.

खालच्या ओळीसकट तुझं पत्र मिळालं.

मी सही केली. सहीच्या वर, राहिलेल्या जागेत, यंत्राला जाळी नव्हती, माझ्या वेळी नव्हती आणि आजही नाही, असं लिहून मग केली. साहेबांनी ते वाचलं. रागावले नाहीत. कागद घडी करून खणात टाकला आणि म्हणाले, डाव्या हाताने बरंच लिहितोस की. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला आत सोडलं नाही. गोदामात साहेबांचा भाचा बसतो.

माझी मार्गदर्शकाची जागा त्या डावा हात गेलेल्या माणसाला दिली. हात अजून नीट भरलेला नाही, म्हणून लोक जास्त घाबरतात, असं मुकादम म्हणाल्याचं कळलं.

परवा तो खोलीवर आला. काय बोलायचं, कुठे थांबायचं, हे शिकव म्हणाला. चिडलो नाही. त्याला दुसरं कोण शिकवणार? सगळं भाषण त्याच्याकडून म्हणवून घेतलं. शेवटी म्हटलं, यंत्राला जाळी मागून घ्या, हेही सांगत जा. तो म्हणाला, दादा, ते एक वाक्य मी गाळतो. मला नोकरी टिकवायची आहे.

मी बरं म्हटलं.

तुझा,
उंट

ता. १५ मे

चि. उंटास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

खालच्या ओळीसकट, हे वाचताना तुझी आई अडखळली. कुठली ओळ, मी विचारलं. तिने सांगून टाकलं. मी रागावले नाही. सगळं पत्र माझं, एक ओळ तिची असायला काय हरकत आहे. तूही रागावू नकोस.

त्या माणसावरही रागावू नकोस. तुझी जागा त्याने घेतली नसती तर तिथे कुणी दुसरा उभा राहिलाच असता. पण मला त्या भाषणाचं वाईट वाटलं. तू ते चांगलं शिकवलं असशील.

इथल्या भांड्यांच्या ठोक दुकानात माल मोजायला माणूस हवा आहे असं कळलं, म्हणून तुझ्या आईला घेऊन गेले. मालकाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आधी मुलाला आणा, हात बघू, मग ठरवू. मी म्हटलं, हात बघायचा तर पगार द्यावा लागेल, आधीच्या ठिकाणी तो त्याचाच पगार घेत होता. फुकट बघायचं असेल तर त्याचं काम बघा.

तुझी आई रस्ताभर माझ्याशी बोलली नाही. मालकाने कळवतो म्हटलं आहे. चहा विचारला नाही, तेवढीच आशा.

लोभ कमी करू नये. बाकी सगळं कमी करायला माणसं पुष्कळ आहेत.

तुझी आजी
आणि लिहिणारी, तुझी आई