पडदा उघडू नकोस

बाळांनो, डोळ्यांसमोर आणा: भर दुपार, बाहेर लख्ख ऊन आणि घरात जाड पडदे ओढलेले. स्वस्ताई पाहून परदेशी आलेली आई घरूनच जुन्या ऑफिसचं काम करायची, पण देश सोडल्याचं साहेबांना तिने सांगितलंच नव्हतं. शाळेतून आलेल्या चिमीला दाराच्या आत चिठ्ठी सापडली.

"चिमे, व्हिडिओ कॉलवर साहेबांचं पुराण अजून चालूच आहे. तिकडे अंधार पडलाय. माझ्यामागे ऊन दिसलं तर बिंग फुटेल, नोकरी जाईल, आणि तिकडचं भाडं आपल्याला झेपत नाही. पडदा उघडू नकोस. मैत्रिणीला आजही आत आणू नकोस. दूध झाकून ठेवलंय. रागावू नकोस गं. – आई"

चिमीने चिठ्ठी खिशात कोंबली. मागे उभ्या मैत्रिणीला ती म्हणाली, "आई घरी नाहीये गं," आणि तिने दार आतून हळूच लावून घेतलं.