राहीचा डावा कान

तलमडुगु,
२३ सप्टेंबर १९८४

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. मी आणि रेणुका दोघं बरे आहोत. भाऊजींचा गुडघा कसा आहे? इकडे यंदा कापूस चांगला आहे, तुमच्याकडेही असेल.

येत्या रविवारी भाऊजी राहीला इथली शाळा सोडवून कायमची न्यायला येणार, हे तुझं पत्र परवा मिळालं. चूक तुमची नाही. ‘पोर ढ आहे, तेलुगू तिच्या डोक्यात शिरत नाही, घेऊन जा,’ असं मीच लिहिलं होतं. आता वेचणीला एक हात वाढेल, असं तुम्ही धरूनही चालला असाल. पण आधी हे पूर्ण वाच, आणि भाऊजींनाही वाचून दाखव.

आमच्या शाळेत मराठी पोरं मागच्या बाकांवर बसतात. कोणी बसवलं नाही, तशी रीतच पडली आहे. तेलुगूचे सर काही विचारायचे आणि राही गप्प राहायची. मग ते मला गाठायचे, "मास्तर, तुमच्या भाचीला काही येत नाही." मी तिला उन्हात उभी केली. दोनदा छडीही मारली. मास्तराच्या घरची पोर आणि तोंडातून शब्द नाही, याची मला लाज वाटायची.

मग एकदा रेणुकानं तिला पाठीमागून जेवायला तीन हाका मारल्या, त्याही मराठीत. पोर हलली नाही. उजेडात नेऊन पाहिलं, तर दोन्ही कान काळ्या गुळासारख्या मळानं बुजलेले. तिला कोणाचंच नीट ऐकू येत नव्हतं ग.

आता खरं लिहितो. ‘राहीच्या कानाला गार वारा लागला’ असं मागं कळवलं, ते खोटं होतं. रेणुका म्हणत होती, "राहू द्या जी, दवाखान्यात नेऊ." मला कुठला धीर! किल्ल्यांच्या जुडग्यातलं कानकोरणं घेतलं आणि तिचं डोकं मांडीवर दाबून धरलं. "मामा, दुखून राह्यलं," ती म्हणाली. मी म्हणालो, "हलू नको." मग डाव्या कानातून रक्त आलं.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी उजव्या कानात चार दिवस थेंब घालायला सांगितले. मळ मऊ झाल्यावर कोमट पाण्याच्या पिचकारीनं बोराच्या बीएवढा खडा बाहेर काढला. पोरीला जराही दुखलं नाही. इतकं सोपं होतं, ताई. डाव्या कानात मात्र पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही. पडदा फाटला आहे. तीन महिन्यांत भरला तर भरला.

उजवा मोकळा झाल्यावर डॉक्टरांनी तेलुगूत विचारलं, डावा कोणी कोरला? राहीनं माझ्याकडे पाहिलं आणि न अडखळता तेलुगूत सांगितलं, की मीच काडी घातली, मामा घरी नव्हते.

तिचं तेलुगू मी पहिल्यांदा ऐकलं. बुजलेल्या कानांनी मागं बसून पोर एवढं शिकली होती, आणि ते पहिल्यांदा वापरलं मला वाचवायला. परतीच्या बसमध्ये म्हणाली, "मामा, आईले लिहू नका." मला रडू आवरलं नाही.

भाऊजींना सांग, रविवारी जरूर या. मला शिव्या द्यायला या, हात उचलला तरी मी मान खाली घालीन. पण पोरीला न्यायला येऊ नका.

तुझा अपराधी भाऊ, आणि तिचा अजून मामा म्हणवणारा,
सुधाकर