न धुतलेली खडी

६ फेब्रु.
काँक्रीटचे तिन्ही क्यूब फुटले. संगणकातला क्यूब जेवढा दाब सोसतो, त्याच्या बराच आधी. नसरीन मॅडमचा सगळा प्रबंध यावरच आहे: कापलेल्या काँक्रीटच्या फोटोवरून संगणकात एकेक खडी वेगळी, सिमेंट-वाळूचा मसाला वेगळा, आणि दोघांमध्ये एक पातळ थर. मॅडम त्याला साय म्हणतात. खडीच्या कडा माउसने मी गिरवतो. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला, पण हे जमते.
मॅडमनी चहासुद्धा घेतला नाही.

७ फेब्रु.
फुटलेल्या क्यूबचा फोटो अकोल्याला बाबांना पाठवला. जन्मभर स्लॅब टाकले त्यांनी. लगेच फोन. "पाह्य, खडी कशी नागडी निघाली. मसाला धरलाच नाही तिनं. कोन्या गाढवानं बिना धुतलेली टाकली रे?"
म्हणालो, विचारतो.
क्यूब मी भरले त्या दिवशी नळ आला नव्हता. मॅडम परत यायच्या आत काम व्हावे म्हणून धुळीसकट टाकली. आणि प्रयोगाच्या वहीत सवयीने लिहिले: खडी धुतली. सुबक अक्षरात.

१२ फेब्रु.
मॅडम संगणकातली साय कमजोर करून पाहत आहेत. कारण सापडत नाही. मी म्हणालो, क्यूबमध्येच काही...
"तुझ्या वहीत धुतली लिहिलं आहे ना? मग संपलं. चूक माझीच असंल."
डबा तसाच परत आणला.

१७ फेब्रु.
सांगितले. वही उघडून त्या ओळीवर बोट ठेवले.
"कधीपासून माहीत आहे?"
"दहा दिवस."
"दहा दिवस मी स्वतःले बेवकूफ समजून राहिली, सुमेध."
ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. दारापर्यंत गेलो, तर मागून म्हणाल्या, "धूळ किती होती? नीट आठव. तीही संगणकात घालून पाहू."

२० फेब्रु.
नवे सहा क्यूब. तीन धुळीचे, तीन धुतलेले. बाबा सकाळच्या बसने आले, न बोलावता. गाढव कोण ते काल फोनवर सांगितले होते. घमेल्यातली खडी त्यांनीच धुतली, चार पाण्यांनी. मॅडमना म्हणाले, "पोरगं भित्रं हाय बाई. खोटारडं नाही."
"काका, मग वही आता तुमीच लिहा."
बाबांनी हात पुसले, वही घेतली आणि माझ्याकडे दिली. "त्यालेच लिहू द्या."
लिहिले. खडी धुतली. अक्षर वाईट आले. खोडले नाही.

२० मार्च
क्यूबचे पाण्यातले अठ्ठावीस दिवस भरले. धुळीचे तिन्ही सकाळी फुटले, आधीच्याइतक्याच दाबाला. आता धुतलेले. हेही लवकर फुटले तर दोष खडीचा नाही, मॅडमच्या तीन वर्षांच्या कामाचा... पुढे लिहवत नाही.
बाबांनी फोन चालू ठेवायला लावला आहे. आवाजावरून कळते म्हणतात. पहिला क्यूब हौदातून काढून पुसून ठेवला आहे. थंडगार आहे. मॅडम मशीनपाशी उभ्या आहेत.
"वही ठेव आता. ये इकडे. बटन तूच दाब."