हिच्या बाजूचा स्पीकर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो, जिना चढतेस का, भावोजींना हरवलेला चष्मा सापडला की अजून चष्म्याशिवायच शोधताहेत, सगळं सविस्तर कळव. माझी काळजी करू नकोस. ही गेली त्याला आठ महिने झाले; आता मला स्वयंपाक जमतो, कपड्यांचं मशीन लावता येतं, आणि फोनवर म्हणालीस तसं इथे येऊन राहण्याची तुला काही एक गरज नाही.

पत्राला उशीर झाला तो गाडीच्या भानगडीमुळे. गाडीतल्या गाण्यांच्या पेटीला मी जन्मात हात लावला नव्हता. (स्टिअरिंग माझं, गाणी हिची, अशी वाटणीच होती.) गाडी नवी असताना दोन-चारदा मी हिच्यावर खेकसलो, की आवाज कमी कर, डोकं उठलं. हिने काहीतरी फिरवलं आणि पुन्हा तसं म्हणायची वेळ आली नाही. पंधरा दिवसांपूर्वी एकटाच निघालो. घरातल्यासारखीच शांतता गाडीतही नको म्हणून गाणी लावली, तर माझ्या बाजूच्या स्पीकरमधून चकार शब्द नाही! तिकडे हिच्या रिकाम्या सीटशेजारच्या दारात कोणीतरी हळूच गातंय. तडक स्पीकरवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ डोळे मिटून ऐकतो, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणतात. तो बिचारा म्हणत होता, आधी पेटी बघतो. पण मी कसला ऐकतोय! (तुझाच भाऊ ना.) म्हटलं, स्पीकर गेलाय, मला शिकवू नका, नवा बसवा. त्याने दार उघडून नवा बसवला. ढिम्म. मग म्हटलं, वायर तुटली असणार. त्याने सीट काढून वायर बदलली, तरी ढिम्म. (सीटखाली हिची केसांची पिन सापडली. ती माझ्या खिशात आहे.) तिसऱ्या दिवशी मी चहाला गेलो, तेवढ्यात त्याने पेटी बघून घेतली. परत आलो तर गालातल्या गालात हसत होता.

ताई, हिने सगळा आवाज स्वतःच्या बाजूला फिरवून ठेवला होता! त्याला बॅलन्स म्हणतात म्हणे. अकरा वर्षं माझ्याकडे सामसूम आणि हिच्याकडे मैफल. आणि मी मूर्ख तुला, भावोजींना, अख्ख्या ऑफिसला छाती फुगवून सांगत होतो, की आमच्या घरात माझा शब्द खाली पडत नाही. मी एवढा हसलो की कानसेन घाबरला. मग रडू आलं, तेव्हा त्याने पाणी आणून दिलं.

नंतर त्याने विचारलं, गाडीत माणसं किती बसतात, तसा आवाज जुळवतो. मी म्हटलं, चार. (का म्हटलं, कोण जाणे.) त्याने चारही सीटवर आळीपाळीने बसून, डोळे मिटून, झकास जुळवलं. घरी येऊन मी बटण पुन्हा पार हिच्या बाजूला फिरवलं. आता रोज संध्याकाळी खाली जाऊन गाडीत हिच्या सीटवर बसतो आणि ऐकतो. वॉचमन विचारतो, साहेब, ड्रायव्हर आला नाही का? मी म्हणतो, येईल इतक्यात.

बाकी सर्व ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. येण्याची गरज नाही असं वर लिहिलंय, ते खोडायचं राहिलं. ये. महिनाभर तरी राहा. घर खायला उठतं गं. गाडी घेऊन न्यायला येतो.

पुन्हा ता. क. गाडी येणार नाही. गाणी ऐकून ऐकून बॅटरी बसली. वॉचमनने आणि मी ढकलून पाहिली, हलली पण चालू झाली नाही. तू आपली बसने ये. नवी बॅटरी टाकू आणि कुठेतरी लांब जाऊ. गाणी तुझ्याच बाजूला लावीन. मला ऐकू आली नाहीत तरी चालतील, शेजारी बसून कोणीतरी ऐकतंय एवढं बस झालं.