जगदेवीच्या डोक्यावरचा पंख

मुरुम,
३ मार्च २०२५

ती. अक्कास,
राजपालचा स. जयभीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून माझा घसा बसतो, म्हणून पत्र. गुडघे आहेत तसेच आहेत. सूनबाई म्हणते, रिटायर झाल्यावर माणसं घरात बसतात, तुम्ही भंगारवाल्यांच्या दारात बसता. खोटं नाही.

हवाई दलात बिदरला असताना मी ज्या विमानावर पहिल्यांदा पाना धरला ते एचटी-टू, आपल्याच देशात बनलेलं, पोरांना उडायला शिकवणारं. आता फार थोडी उरली आहेत. त्यातलं एक उमरग्याकडच्या एका कॉलेजच्या आवारात बाभळीखाली सडतंय. संग्रहालयवाले न्यायला तयार आहेत, पण दोन्ही पंख असतील तरच. मेअखेर कॉलेजला जागा मोकळी करायचीय, नाहीतर कटर लावून भंगारात. डावा पंख कॉलेजनं भूकंपाच्या साली विकला. तो सास्तुरात कुणाच्या तरी शेडला गेला, एवढाच माग लागलाय. हिंडून हिंडून दमलो अक्का. तुझ्या गावात कुठं दिसतो का बघ.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा राजपाल

सास्तूर,
१२ मार्च

चि. राजपाल यास,
चांगुणाचे अ. आशीर्वाद व जयभीम.

शोधायला कशाला पाहिजे, तुझा पंख माझ्या शेजारीच आहे. आम्ही त्याला जगदेवीचा पत्रा म्हणतो. बाकीच्यांचे पत्रे गंजून चाळण झाले, ह्याला काही होत न्हाय म्हणून बायका नवल करतात.

पण ऐक. भूकंपात जगदेवीचा नवरा आणि दोन्ही लेकरं माळवदाखाली गेली. तू तेव्हा नोकरीवर होतास, तू नुसतं ऐकलंस. आम्ही दगडमाती उपसली. तिला सरकारी घर मिळालं, त्यात ती ज्वारीची पोती ठेवते आणि स्वतः अंगणात त्या पंखाखाली निजते. हलका आहे, पडला तरी माणूस मरत न्हाय, असं तिचं म्हणणं. तू मागितलास तर ती देईल. तिला कुणाला न्हाय म्हणता येत न्हाय. म्हणूनच तू मागू नये असं मला वाटतं. पण माझं ऐकणारा असतास तर ह्या नादाला लागलाच नसतास.

जिवाला जप, आणि ह्या म्हातारीवर लोभ ठेव.
चांगुणा

मुरुम,
३१ मार्च

ती. अक्कास,
स. जयभीम.

गाल फुगवून का होईना, तू जेवायला वाढलंस. जगदेवीबाई लगेच हो म्हणाल्या, चहा पाजला आणि भाचीबरोबर तुळजापूरला गेल्या. त्यांच्या माघारी मी पंख उतरवला आणि नवे कोरे पत्रे टाकले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर चांगले जड दगड ठेवून आलो, आपल्याकडं सगळेच ठेवतात तसे.

काल पंख बसवला. बोल्टांची भोकं जुळली तेव्हा मला रडू आलं, तुला सांगायला लाज कसली. एप्रिलमध्ये संग्रहालयवाले ट्रेलर आणणार आहेत. आता निवांत झोपेन म्हणतो.

राग सोड आणि दोन ओळी लिही.
राजपाल

सास्तूर,
६ एप्रिल

चि. राजपाल,
आशीर्वाद आहेतच, पण आज राग आधी.

जगदेवी परत आली, अंगणात उभी राहून वर बघत राहिली आणि बाजेवर बसलीच न्हाय. तू तिच्या डोक्यावर दगड ठेवलेस, राजपाल. सगळेच ठेवतात, पण तिच्या छपरावर कुणी ठेवत न्हाय, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. शेजारच्या शंभूकडून मी दगड काढून घेतले, पत्रे तारेनं आवळले. उपयोग न्हाय. दिसायचं ते दिसलं, म्हणते. रस्त्याकडेच्या लिंबाखाली बाज टाकून पडते, डोळा लागत न्हाय.

तुझ्यावर रागावलेली न्हाय. उलट भाऊचं विमान जोडलं का म्हणून मलाच विचारते. मला त्याचंच जास्त लागलं. आता काय करायचं ते तू ठरव.

तुझी अक्का

मुरुम,
२ जून

ती. अक्कास,
स. जयभीम. वि. वि.

जगदेवीबाईंच्या अंगणात पंख परत बसवायला आलो तेव्हा तू पाठीवर हात ठेवलास. तेवढं कौतुकही नको होतं. चांगुलपणानं केलं नाही, ते दगड डोळ्यांपुढून हलेनात म्हणून केलं. परतताना वाटभर मनात येत होतं, की चार-सहा महिन्यांनी बाईंना नव्या पत्र्याची सवय झाली असती. असा मी माणूस.

ट्रेलर रिकामा गेला. परवा कॉलेजात कटर लागला. घरचे जाऊ नका म्हणत होते, पण मी गेलो. आधी शेपूट कापलं, मग पोट. कापणाऱ्यानं बसायला खुर्ची दिली, मी बसलो नाही. संध्याकाळी आवारात नुसती बाभळ राहिली. घरी येऊन जेवलो आणि पडलो. ह्यापुढं काही शोधायचं बळ नाही.

एक काम कर. विमान कापलं हे जगदेवीबाईंना कळू देऊ नको. त्यांच्या कानावर गेलं तर पंख काढून माझ्या दारात आणून टाकतील. विचारलं तर सांग, भाऊचं विमान मोठ्या संग्रहालयात गेलं, एका पंखावरच घेतलं त्यांनी.

तुझी माया उणी पडू देऊ नको.
राजपाल