सावळाराम आजोबांच्या कांद्यात साडेचार

डिंगोरे,
फेब्रुवारीचा शेवटचा रविवार

तीर्थरूप आत्यास,

समृद्धीचा वाकून नमस्कार. पाठ कशी आहे? तेल रोज लावतेस की बाटली नुसती उशाला ठेवून निजतेस? आम्ही सगळे ठीक. (फोन करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात निदान शेवटपर्यंत ऐकून घेशील.)

तर आरफा. दुसरीतली, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या महंमद हनीफभाईंची मुलगी. मी फळ्यावर गणित लिहून वळेपर्यंत तिचं उत्तर तयार असतं, आणि उरलेला तास ती माझ्याकडे बघत बसते. तू जन्मभर विज्ञान शिकवलंस, तुला ती नजर माहीत असेल. राग नसतो तिच्यात. पाहुणा चहाचं नाव न काढता स्वयंपाकघराकडे बघतो, तसं असतं ते. दिवाळीनंतर हनीफभाई शाळेत आले. म्हणाले, "बाई, पोरगी रोज म्हनती, आज बी काय नवं नव्हतं. जूनपासनं जुन्नरला ठिवतो, माझ्या बहिनीकडं, झुबेदाकडं. तिथं मोठी शाळा हाय." आरफा रडली नाही, पण माझ्या ओढणीचं टोक तिच्या मुठीत होतं. मी तोंडघशी पडायची तयारी ठेवून सांगून टाकलं, की परीक्षेपर्यंत वेळ द्या, तिला नवं मिळालं नाही तर खुशाल न्या.

मग मी कामाला लागले. तिला तिसरीच्या मुलांना पाढे शिकवायला बसवलं, तर तिसरीने तक्रार केली की ही फार कडक आहे. शब्दकोडी दिली, ती तिने संपवली आणि मला एक करून दिलं. (ते अजून पर्समध्ये आहे, अर्धं.) एका पातेल्यात भाताची किती शितं असतील याचा अंदाज काढायला सांगितलं, तर खिचडी शिजवणाऱ्या ठकूबाई तिच्याबरोबर मोजायला बसल्या आणि त्या दिवशी सगळ्या शाळेने करपलेली खिचडी खाल्ली. शेवटी सहज म्हटलं, झेंड्याच्या खांबाची सावली बघ बरं कशी सरकते. एवढंच म्हटलं होतं मी, आत्या.

प्रजासत्ताक दिनाला मैदान आखायला आणलेली फक्की उरली होती. तिने ती घेतली आणि दर अर्ध्या तासाला सावलीवर रेघ मारून टोकाला दगड ठेवला, त्यावर लाल रंगाने वेळ घातली. अंगणभर घड्याळ झालं. (मुलं साडेअकराच्या रेघेला मध्यरेषा समजून कबड्डी खेळली, ते सोडून दे.) पण दुपारनंतर सावली लांबत जाते, आणि आमच्या पूर्वेला कुंपण नाही, थेट सावळाराम आजोबांचा कांदा आहे. साडेचारचा दगड गेला कांद्यात. पाचचा त्याहून आत. (पुढची वेळ बिबट्याच्या भीतीने आखलेली नाही.)

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा पाणी द्यायला आले. रानात पांढरी रेघ आणि आकडे घातलेला दगड म्हणजे मोजणी, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही सांगावं लागत नाही. रेल्वे येणार, रस्ता येणार, असं रोज कुणी ना कुणी सांगतच असतं. त्यातून दगडावर ४.३०. आजोबांनी वाचलं, चार एकर तीस गुंठे. त्यांचं अख्खं रान तेवढं नाही! त्यांनी शेजारच्या रानातल्या गेणभाऊंना हाक मारली, गेणभाऊंनी गावाला. तलाठ्यांना फोन लावला, ते म्हणाले मला काहीच माहीत नाही, आणि मग तर सगळ्यांची खात्रीच पटली. अर्धं गाव शाळेच्या अंगणात. गर्दीत हनीफभाईसुद्धा, हात काळे, मोटार तशीच टाकून आलेले. मी "अहो ऐका" म्हणत होते, ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात आरफा दप्तर पाठीला लावून पुढे झाली. "आजोबा, ती मोजनी न्हाई. तुमच्या कांद्यात रोज साडेचार वाजत्यात."

आजोबा म्हणाले, "दाव." मग सगळं गाव बांधावर बसलं आणि सावलीची वाट बघू लागलं. सावली कांद्याच्या पातीवरून सरकत सरकत आली आणि टोक बरोबर दगडावर टेकलं. गेणभाऊंनी मोबाइल बघितला आणि नुसती मान हलवली. माझे डोळे भरून आले, आत्या, खोटं कशाला सांगू. आजोबा तिला म्हणाले, "पोरी, माझा कांदा निघंल, पर ह्यो दगुड हालायचा न्हाई." हनीफभाई मुलीकडे असे बघत होते, जणू ती आत्ताच पहिल्यांदा भेटली.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जप.

तुझी,
समृद्धी

ता. क. तुझ्याकडचा पृथ्वीचा गोल नुसता धूळ खात असेल तर हवा होता.

ता. क. खरं म्हणजे गोल एकटा येऊन उपयोग नाही. फेब्रुवारी सरत आला आणि साडेचारला सावली दगडापर्यंत पोचतच नाही. आरफा रोज विचारते, का? मी मराठीची बी. ए. आहे. सूर्य थोडा सरकला असेल म्हटलं, तर ती म्हणाली, "कुठं? कशापायी?" हे तिने घरीही सांगितलंय, आणि काल हनीफभाई सायकल थांबवून हळूच म्हणाले, "बाई, आता तुमालाबी फुडचं येत नसंल, तर मग जुन्नरच बरं." आत्या, ती गेली तर मला ते अंगण बघवणार नाही. तू निवृत्त झालीस तेव्हा पुन्हा खडूला हात लावणार नाही म्हणालीस, ते माझ्या लक्षात आहे. खडू नको लावूस. आमच्याकडे फक्की आहे.

ता. क. पुढच्या सोमवारी येते आहेस असं मी तिला सांगून बसले आहे. तुझी पिंपरी पेंढारची एसटी यायच्या वेळेला ती स्टँडवर उभी राहणार. आत्या किती दिवस राहतील, असं विचारत होती. मी म्हटलं, तुझे प्रश्न संपेपर्यंत. ती जरा विचार करून म्हणाली, "मग त्यास्नी कपडे लई आनाया सांगा."