सुंठेची शिंक

ओहायो

चि. धम्मदीप, आशीर्वाद शेवटी, आधी तक्रार.

सोमवार, १२ जानेवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मला हॉस्पिटलच्या दारातून परत पाठवलं. इथे फ्लूची साथ आहे. प्रतीक्षाच्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी सुंठ कुटून गेले होते, म्हणून शिंकले. नर्सला म्हटलं, "ही सुंठ आहे, फ्लू नाही." ती म्हणाली, "सगळे असंच काहीतरी सांगतात."

प्रतीक्षा बरी आहे. नात आठव्या महिन्यातच झाली, म्हणून काचेच्या पेटीत आहे. मी तिला फक्त फोटोत पाहिलंय. त्या नर्सचं चुकलं असंही म्हणता येत नाही, याचाच जास्त राग येतो.

कामशेतच्या धुळीत तुझा दमा कसा आहे? फ्लूचं इंजेक्शन "घेतो गं ताई" असं दिवाळीपासून म्हणतोयस. मे महिन्यात आम्ही येऊ, तेव्हा ते न घेता बाळाला हात लावायचा नाही. घेतल्याची तारीख २८ फेब्रुवारीपूर्वी लेखी कळव.

आशीर्वाद आहेतच.
ताई